चौदा खुणांची तबकडी

नेवार्क, ९ मार्च १९६२

लेम,

तुझं पत्र आलं. एकोणीस वर्षांत पहिलं. आई गेली तेव्हा तू फुलं धाडली होतीस, आणि त्यावरचं कार्डसुद्धा फुलवाल्यानेच लिहिलेलं होतं. आता मात्र दोन पानं, दोन्ही बाजूंनी, वर 'लाडकी डेसा'. तेव्हाच ओळखलं, स्वारीचं काहीतरी अडलंय.

अडलंय ते असं. ओहायोतल्या कुठल्याशा पडक्या थिएटरात आपल्या बँडचं नऊ मिनिटांचं चित्र सापडलं. न्यूयॉर्कचं म्युझियम ते जूनमध्ये दाखवणार. तू कॅलिफोर्नियाहून विमानाने येणार आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवणार. पण चित्र मुकं आहे. एकोणतीस साली फितीवर नुसती चित्रं असायची आणि आवाज वेगळ्या तबकडीवर. ऑपरेटर दोन्ही एका क्षणी सोडायचा, तेव्हा कुठे पडद्यावरच्या माणसांना वाचा फुटायची. म्युझियमला फीत मिळाली, तबकडी नाही. ती माझ्याकडे आहे हे तुला हॉरेसनेच कधीतरी सांगितलं असणार. माझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नसे. देव त्याला सुखात ठेवो.

हो, आहे. आईच्या रजईत गुंडाळून पलंगाखाली ठेवली आहे. थाळीपेक्षाही मोठी. वीस वेळा वाजली की तबकडी फोडून टाकायची असा तेव्हाचा नियम, म्हणून लेबलवर वीस चौकटी छापलेल्या आणि दर खेळाला एक खूण. हॉरेस इथल्या थिएटरात ऑपरेटर होता. चौदा खुणा झाल्यावर त्याने ती कोटाखाली लपवून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "यात तू आहेस, फोडवली नाही." तेव्हा आमचं लग्नही ठरलं नव्हतं. त्याच दिवशी मी मनात ठरवून टाकलं.

तू लिहितोस, बहिणीचा भावाच्या वस्तूवर एवढा मोह बरा नव्हे. लेम, पडद्यावर गाल तुझे फुगलेत, बोटं तुझी नाचलीत. फुंकर माझी आहे. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि ज्यांना माहीत होतं त्यातले बहुतेक मातीआड गेले.

म्हणून अट एकच. कार्यक्रमाच्या कागदावर छापायचं: ट्रम्पेट, ओडेसा प्रुइट. माहेरचं नाव, कारण ते माझंही आहे. छापलेला कागद आधी दाखव, मग तबकडी.

ओडेसा


नेवार्क, २४ मार्च

लेम,

"एका दिवसाची मदत." हे शब्द तू स्वतः लिहिलेस की तुझ्या बायकोने, वेल्माने, सांगितले?

मदतच म्हणायची असेल तर नीट आठवण करून देते. म्हातारपणी माणूस सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतो, आणि तू तर तरुणपणीही तेच करायचास. जून महिना, ब्रुकलिनचा स्टुडिओ. भिंतींवर जाड ब्लँकेटं टांगलेली, पंखे बंद, कारण आवाज मेणाच्या ताटावर कोरला जायचा आणि पंख्याचाही त्यात उमटायचा. मेणाच्या ताटावर एकदा सुई टेकली की नऊ मिनिटं कोणी खोकायचं नाही. चुकलं तर अख्खं ताट फुकट. सकाळी तुझा ओठ सुजून वांग्यासारखा झाला होता. कसा, ते सोड. दुसरा ट्रम्पेटवाला रॉस्को टिब्स, एकोणीस वर्षांचा, त्याला तू अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांदेखत हाकलून दिलं होतंस. तेव्हा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवू शकेल असं एकच माणूस उरलं, आणि ते पियानोवर बसलेलं होतं. बाबांनी आपल्या दोघांना एकाच ट्रम्पेटवर शिकवलं. तू आधी, मी नंतर, आणि मला दर वेळी तुझी थुंकी पुसून वाजवावं लागे.

तो गोरा दिग्दर्शक काय म्हणाला, आठवतं? म्हणाला, "मग बसू दे ना पोरीला पुढे. नवलाई आहे, लोक बघतील." मी ऐकलं. मी ट्रम्पेट हातात घेऊन दोन पावलं पुढेही आले होते. आणि तू टोपी काढून, दात दाखवत म्हणालास, "नको सर. ती फार बुजरी आहे. कॅमेऱ्यासमोर तिला चक्कर येईल."

मी बुजरी. बाल्टिमोरच्या डान्स हॉलमध्ये पियानोवर बाटल्या येऊन फुटायच्या तेव्हा टेबलाखाली कोण शिरायचं रे?

मग मला ब्लँकेटच्या मागे उभं केलं. फटीतून तुझी पाठ दिसत होती. पियानोची खुर्ची मोकळी दिसायला नको म्हणून नाचणाऱ्या पोरींतली एक आणून बसवली. वेल्मा. तिला पियानो आणि शिवणयंत्र यांतला फरक कळत नव्हता, म्हणून तारांवर आतून जाड कापड घातलं, चुकून पट्टी दाबली तरी आवाज होऊ नये. तेव्हा त्या चित्रात पियानो दिसतो, दहा बोटं दिसतात, सोन्याचं ब्रेसलेट दिसतं, आणि पियानोचा एकही सूर नाही. तेहतीस वर्षांत एकाही शहाण्याच्या हे ध्यानात आलं नाही. सगळे म्हणतात, लेम प्रुइटचा तो सोलो म्हणजे काय सांगावं. तूही पुढे तोच सोलो सुरासुराने पाठ करून जन्मभर वाजवलास. एकदा रेडिओवर ऐकलं. माझा श्वास जिथे तुटला होता तिथे तूही श्वास तोडलास. तेवढी नक्कल तरी मनापासून केलीस.

नाव छापणार नसशील तर पुन्हा लिहू नकोस.

ओडेसा


नेवार्क, ११ एप्रिल

लेम,

न विचारता माणूस पाठवलास. मी विधवा बाई, एकटी, आमच्या काळ्या वस्तीत दारात गोरा पोरगा उभा बघून शेजारणीला वाटलं आयकरवाला आला.

मिस्टर फिंच त्याचं नाव. तुझ्या म्युझियमचा. वय असेल सव्वीस, नखं कुरतडलेली, पण वळण चांगलं. आत आल्यावर टोपी कुठे ठेवू म्हणून तीनदा विचारलं. मी त्याला रताळ्याचं सारण भरून भाजलेला गोड 'पाय' कापून दिला, त्याने दोन तुकडे खाल्ले. मोटारीतून मोठा ग्रामोफोन आणला होता, खास या तबकड्यांसाठी बनवून घेतलेला. मी म्हटलं, "बघायची तर बघ. न्यायची नाही."

"नाही मॅडम. एकदा ऐकलं तरी पुरे."

त्याने रजई उलगडली. लेबलवरच्या चौदा खुणा मोजल्या, मग खिशातून पेन्सिल काढून पंधराव्या चौकटीत खूण केली. ते मला आवडलं. पण लगेच सुई नेली ती बाहेरच्या कडेवर. मी त्याचं मनगट धरलं.

"आतून बाहेर, बाळा. या तबकड्या आतून बाहेर वाजतात."

तो कानापर्यंत लाल झाला. "कागदावर हजारदा वाचलंय, मिसेस गेन्स. हाताला सवय नाही."

मग वाजली. तुला काय सांगू. तेव्हा थिएटरात ऐकली त्यानंतर कधीच ऐकली नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. दुसऱ्या फेरीत तो वरचा सूर मी धरते आणि सोडतच नाही, तिथे माझे हात आपोआप वर आले. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाईट वाटलं नाही, राग आला, आणि रागाबरोबर अभिमान. चोवीस वर्षांची ती पोरगी ब्लँकेटमागे उभी राहून तुम्हा सगळ्यांना पुरून उरली होती.

पोरगा डोळे मिटून बसला होता. संपल्यावर म्हणाला, "पियानो कुठे आहे? पडद्यावर एक बाई पियानो वाजवतेय."

पहिला माणूस, लेम. त्याला कान आहेत.

मी तोंड उघडलंच होतं. इतक्यात तोच म्हणाला, "मिस्टर प्रुइट म्हणत होते त्या दिवशी बरीच गडबड झाली. तो मिरचीचा प्रकार. त्यांनी मुलाखतीत सगळं सांगितलंय. रॉस्को टिब्स नावाच्या माणसाने त्यांच्या ओठांच्या मलमात मिरची कालवली, त्यांची जागा मिळावी म्हणून. आणि सुजलेल्या ओठाने त्यांनी हे वाजवलं. कार्यक्रमाच्या कागदावर आम्ही ते छापणार आहोत. लोकांना फार आवडेल."

मी तबकडी उचलून रजईत गुंडाळायला घेतली.

मग मी एवढंच म्हटलं, "ते छापू नकोस." त्याने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "माणूस जिवंत आहे." तो म्हणाला, "पण खरं आहे ना?" मी त्याला 'पाय'चा तिसरा तुकडा दिला.

तू तेव्हा रॉस्कोचं नाव हार्लेममध्ये दारोदार नेलंस. एकाही बँडने त्याला पुन्हा बोलावलं नाही. आता तेच नाव छापून हातोहात वाटणार? तो इथे नेवार्कमध्येच असतो, हे तुला ठाऊक नसेल. लाँड्रीत इस्त्री करतो. आमच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचा मदतनीस आहे, दर रविवारी माझ्यापुढे दोन बाकं सोडून बसतो. त्याची धाकटी मुलगी सोमवारी माझ्याकडे पियानो शिकते. या कागदाची एक प्रत कार्यक्रमानंतरच्या रविवारी चर्चच्या पायरीवर पोचेल. पोरगी तेरा वर्षांची आहे, तिला वाचता येतं.

फिंचला कळव की ती गोष्ट खोटी आहे. माझ्या नावाचं नंतर बघू. आधी हे कर.

ओडेसा


नेवार्क, २० एप्रिल

लेम,

तू विचारतोस, रॉस्कोने नाही तर कोणी? नाव सांग म्हणतोस. त्याला तुझ्या मलमाच्या डबीत बोट घालताना आठ जणांनी पाहिलं होतं म्हणतोस.

बोट घातलं होतं, खरं आहे. ट्रम्पेटवाले एकमेकांचं मलम वापरतातच. त्याने ते घातलं तेव्हा डबीत मलमच होतं.

मिरची मी कालवली.

आदल्या रविवारी आईच्या घरी आपण गाणी ठरवत होतो. दुसरं गाणं मी बसवलेलं होतं, त्यातली ट्रम्पेटची जागा मीच रचलेली होती. मी म्हटलं, कॅमेऱ्यासमोर ती मी वाजवते, एवढी एकच. सगळ्या बँडसमोर तू हसलास. म्हणालास, "गाल फुगवलेली बाई बघायला कोण तिकीट काढेल? आरशात बघून ये आधी." आणि सगळे हसले. रॉस्को हसला नाही. मला ते दिसलं होतं, म्हणून पुढचं जास्त वाईट.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत तू दाढी करायला गेलास. तुझा कोट खुर्चीवर होता, मलमाची डबी त्याच्या खिशात. माझ्या पर्समध्ये कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडची मिरचीच्या सॉसची बाटली होती, मी ठरवून आणलेली. तुझ्या ओठाला आधीच चीर पडली होती. आग व्हायला लागली तसतसं तू आणखी मलम चोपडत गेलास. मला वाटलं होतं तासभर झोंबेल, तू वाजवू शकणार नाहीस, आणि दुसरा इलाज नसल्यामुळे ट्रम्पेट माझ्या हातात देऊन मला पुढे बसवशील. एवढा ओठ सुजेल असं वाटलं नव्हतं. तू मला ब्लँकेटमागे ढकलशील असं तर मुळीच वाटलं नव्हतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

तू ओरडलास, "याने केलंय. मी पडलो तर माझी जागा यालाच मिळणार." रॉस्को म्हणाला, "मिस्टर प्रुइट, मी... मला..." आणि पुढे त्याला बोलताच येईना. मी चार हात अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर मीही दाराबाहेर गेले असते, आणि ट्रम्पेट समोर टेबलावर पडलेला होता.

आता कळलं ना, इतकी वर्षं मी गप्प का? मी वाजवलं असं म्हटलं की पहिला प्रश्न येणार, लेमच्या ओठाला काय झालं होतं? माझं नाव आणि माझं पाप एकाच गाठोड्यात बांधलेलं आहे. पहिल्या पत्रात तुझ्यापुढे अट टाकली तेव्हा वाटलं होतं, गाठोडं न सोडता त्यातलं नाव तेवढं काढून घेता येईल.

तुझी माफी मागत नाही. तुझा ओठ तीन आठवड्यांत बरा झाला आणि माझ्या फुंकरीवर तू घर बांधलंस. पण आता तुला नाव हवं होतं ते मिळालं. फिंचला कळव. रॉस्को काढून टाक.

ओडेसा


नेवार्क, ८ मे

लेम,

तुझं उत्तर तीनदा वाचलं. पहिल्यांदा विश्वास बसला नाही म्हणून, दुसऱ्यांदा चष्मा लावून, तिसऱ्यांदा तुझी किळस येते का ते बघायला. येते.

"झालं गेलं गंगेला मिळालं" अशा थाटात तू लिहितोस: मी गप्प, तू गप्प, तबकडी धाडून दे. मिरचीची गोष्ट मुलाखतीत जाऊन चुकली आहे, आता बदलली तर हसं होईल. आणि रॉस्कोचं काय, इस्त्री करणाऱ्या माणसाला त्याने असा काय फरक पडणार आहे.

काय फरक पडणार ते मी त्यालाच विचारून आले.

परवाच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या तळघरात मासे तळत होते. रॉस्को कढईपाशी होता, अंगात एप्रन. मी म्हटलं, "ब्रदर टिब्स, दोन मिनिटं बोलायचंय." तो म्हणाला, "पोरगी घरी सराव करत नाही, हेच ना? मी रागावतो तिला." मी म्हटलं, पोरीचं नाही. मग कोळशाच्या खोलीशेजारी उभं राहून त्याला सगळं सांगितलं. कोट, डबी, बाटली. काही उरवलं नाही.

तो ओरडेल असं वाटलं होतं. एप्रनला हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "कुठल्या मासेवाल्याची बाटली?"

मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या."

"मी त्या सकाळी तिथेच मासा खाल्ला होता. ब्रेडमध्ये घालून, सॉस ओतून. हातात धरूनच. आणि तसंच येऊन मी मिस्टर प्रुइटच्या डबीत बोट घातलं."

मला कळेना तो काय सांगतोय. तो माझ्याकडे बघतही नव्हता.

"हात धुतले होते की नाही, ते आठवेना," तो म्हणाला. "तेव्हाही आठवेना. ते ओरडले तेव्हा मला वाटलं, माझ्याच बोटाने झालं. मुद्दाम नाही केलं, पण केलं मीच. म्हणून बोललो नाही. नंतर वाजवायला बसलो की तो सुजलेला ओठ दिसायचा. माणसाची भाकर घेतली मी, असं वाटायचं. मग विकून टाकला ट्रम्पेट."

लेम, तुला कळतंय का हे? कोणी बोलावलं नाही म्हणून तो घरी बसला असं मी धरून चालले होते. कोणी बोलावलं असतं तरी तो गेला नसता. तेहतीस वर्षं तो तुझ्या ओठासाठी देवाची क्षमा मागत होता. दर रविवारी. मी दोन बाकं मागे बसून त्याची वाकलेली मान बघत होते आणि मनात म्हणत होते, किती भाविक माणूस आहे.

मी म्हटलं, "रॉस्को, मला क्षमा..." त्याने हात वर केला.

"नको, सिस्टर गेन्स. आज नको. आज मी काही बोललो तर वाईट बोलेन, आणि वर लोक जेवतायत." मग म्हणाला, "सोमवारी पोरगी येणार नाही."

ती पोरगी माझ्याकडच्या सगळ्यांत हुशार आहे. मी मान हलवली.

काल तबकडी घेऊन त्याच्या घरी गेले. त्याने आत ये म्हटलं नाही, मीही दारातच उभी राहिले. म्हटलं, "ही तुझ्याकडे राहू दे. आत मी वाजवलंय, पण तिथे तू असायला हवा होतास. दे, ठेव, फोड, तुझी मर्जी. पाच वेळा वाजेल अजून." त्याने ती दोन्ही हातांनी आडवी धरली आणि दार लावलं.  दाराआडून त्याची पोरगी विचारत होती, "पप्पा, काय आहे ते?" पुढचं ऐकायचा मला हक्क नव्हता, मी जिना उतरले.

फिंचला मी वेगळं पत्र घातलंय. मिरची कोणाची, फुंकर कोणाची, ब्रेसलेटवाली बाई कोण, सगळं. त्याला जे छापायचं ते छापू दे. माझं नाव आलं तर गाठोड्यासकट येईल, नाही आलं तरी चालेल.

तबकडी हवी असेल तर आता रॉस्को टिब्सला लिही. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. पत्रात त्याला 'मिस्टर' म्हण, तो तुला अजून म्हणतो.

तुझ्याविषयी मी त्याला काहीच सांगितलं नाही. गोरा माणूस मला पुढे बसवायला तयार होता आणि तू नाही म्हणालास, हेही नाही. माझं मी सांगून आले. तुझं तू सांग.

ओडेसा